सत्तावीस मिनिटं

काल रात्री साडेअकराला तुझा फोन वाजला आणि काळजात धस्सच झालं. इतक्या रात्री फोन म्हणजे कुणीतरी पडलं, नाहीतर कुणीतरी गेलं. आणि तू कुजबुजत सांगितलंस काय, तर, "ताई, वहीची अकराच पानं भरलीत." मला हसूच आलं. तू चिडलीस आणि मग रडायला लागलीस. माझं हसणं थांबायला जरा उशीर झाला, तेवढं पोटात घाल.

पाडव्याला वही आणलीस, रोज अर्धा तास लिहायचं ठरवलंस आणि अकरा दिवस लिहिलंस. बाराव्या दिवशी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. तेराव्या दिवशी चिरंजीवांचा प्रोजेक्ट. चौदाव्या दिवशी काहीच नव्हतं, पण वही उघडायची लाज वाटली. हे चौदाव्या दिवसाचं तू अगदी पुटपुटत सांगितलंस, आणि सगळ्यात खरं मला तेच वाटलं. तेव्हापासून वही उशीखाली आहे आणि तू तिच्यावर झोपतेस. "मी स्वतःशीच खोटं बोलते गं," म्हणालीस. फोनवर मी काहीबाही समजूत घातली. आज निवांत लिहायला बसले आहे, कारण या विषयात माझा हात कुणी धरू शकत नाही. स्वतःला दिलेले शब्द मोडण्यात तुझी ताई तुला तेरा वर्षांनी सीनियर आहे.

आधी आमच्या शेजारच्या भाभीजींची गोष्ट सांगते. गेली बावीस वर्षं त्या करवा चौथ धरतात, निर्जळी. जयपूरचा ऑक्टोबर म्हणजे दुपारी अजून चांगलं तापतं, पण चाळणीतून चंद्र दिसेपर्यंत घोटभर पाणी नाही. एका वर्षी अंगात ताप होता, तरी नाही. याच भाभीजींचा डावा गुडघा गेली दोन वर्षं कुरकुरतोय. डॉक्टरांनी व्यायाम दिलाय: आडवं पडायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबायची, दहा आकडे मोजायचे, सोडायची. दहा वेळा. सगळं मिळून सात मिनिटांचं काम. तीन दिवस केलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "अरे, घर के काम में याद ही नहीं रहता."

आता या बाईला निर्धार नाही असं म्हणायची कुणाची छाती आहे? बावीस वर्षांचा हिशेब आहे तिच्याकडे! पण करवा चौथ सगळ्या गल्लीला ठाऊक असते. दुपारी कथा असते, चार बायका जमतात, मेंदी असते, पोरं गच्चीवर धावतात आणि "निकल आया, निकल आया" म्हणून ओरडतात. गुडघ्याच्या टॉवेलसाठी कुणी गच्चीवर जात नाही. आपल्याकडे तरी काय वेगळं? हरतालिकेला तू काही खात नाहीस, पण दाताच्या डॉक्टरची वेळ तू या वर्षात तीनदा पुढे ढकललीस. मला सगळं कळतं, आई सांगते.

म्हणून पहिली गोष्ट, तू खोटारडी नाहीस. तुझ्या त्या अर्ध्या तासाची घरात कुणाला खबरच नव्हती. तुला डोळ्यांच्या दवाखान्यात चलायला सांगताना सासूबाईंना काय ठाऊक, की त्या तुझा शब्द मोडायला लावताहेत? त्यांना वाटलं, पोरगी वही घेऊन बसलीय, मोकळीच आहे.

माझं गाणं कसं सुटलं ते तुला अर्धंच माहीत आहे. मध्यमा परीक्षा पूर्ण झाली आणि लग्न ठरलं. जयपूर म्हटल्यावर क्लासमधल्या सगळ्या जणी चेकाळल्या, "अगं, घराण्याच्या गावाला चाललीस!" मीही इथे आल्यावर पहिल्या महिन्यात हौसेने एकीला म्हणाले, की मी जयपूर घराण्याचं थोडं शिकले आहे. तिने डोळे विस्फारले. तिला वाटलं, मी राजघराण्याच्या नात्यातली! नाव या गावाचं, पण गाणं फुललं ते कोल्हापुरात, मुंबईत, गोव्याच्या मुलींच्या गळ्यात. इथे मी आपली कांदे-बटाटे घेत फिरत होते.

मग ठरवलं की रोज पहाटे चारला उठायचं आणि दोन तास रियाज. चार दिवस उठले. पाचव्या दिवशी मुलाला ताप आला. सहाव्या दिवशी मला. पुढच्या वर्षी पुन्हा चार वाजता, पुन्हा दोन तास, पुन्हा आठवडाभर. मध्ये एकदा एका क्लासची वर्षाची फी भरून टाकली, म्हणजे पैशांच्या लाजेने तरी जाईन. गेले नाही. उलट तो रस्ताच टाळायला लागले, रिक्षावाल्याला लांबून न्यायला सांगायचे. पेटी पलंगाखाली गेली, पेटीवर रजया आल्या, आणि दर दिवाळीला पलंगाखालचा केर काढताना तिचा कोपरा दिसला की मी केरसुणी जरा जोरात मारायची. अशी बारा वर्षं गेली. तुझी अकरा पानं घेऊन बसलीस होय!

तीन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत नाशिकची आत्या आणि तिची मंडळी आली होती. पाहुण्यांना जंतरमंतर दाखवायची माझी ती पंधरावी तरी खेप असेल. गाइड काय सांगतो ते मला पाठ आहे, पण त्या दिवशी आम्ही सम्राट यंत्राजवळ जरा जास्त वेळ रेंगाळलो, कारण आत्याचे पाय दुखत होते. तू पाहिलं आहेस ना ते? सवाई जयसिंगाने १७२७ साली हे शहर वसवलं आणि पाठोपाठ ही वेधशाळा बांधून काढली. सम्राट यंत्र म्हणजे चुन्या-दगडाचं प्रचंड सूर्यघड्याळच, जवळजवळ २७ मीटर उंच. मधली भिंत जिन्यासारखी तिरपी वर चढत जाते आणि तिची सावली दोन बाजूंच्या संगमरवरी कमानींवर पडते. त्या कमानींवर बारीक रेघा आहेत, दोन-दोन सेकंदांच्या. गाइडने भाच्याला सावलीच्या कडेला बोट टेकवायला सांगितलं आणि म्हणाला, हलवू नकोस. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. आधी बोटाचं टोक सावलीत गेलं, मग नख, मग पेर. सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते ती. मिनिटाभरात चार बोटं. वेळ डोळ्यांना दिसते गं तिथे, अक्षरशः सरपटत जाताना!

तेवढ्यात आत्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "अहो, तुमचं हे मागे आहे." गाइड हसला. त्याला हे रोजचंच असणार. त्याने समजावलं, की आपल्या हातातलं घड्याळ भारताची वेळ दाखवतं, ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशाची. जयपूर त्याच्या बरंच पश्चिमेला. सूर्य तिथे माथ्यावर आला की इथे यायला अजून अवकाश असतो. किती? सरासरी २७ मिनिटं. ऋतूप्रमाणे हे बदलतं, फेब्रुवारीत चाळिशीच्या घरात जातं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला जेमतेम १० उरतात, पण डिसेंबरअखेर बरोबर सत्तावीसच्या आसपास. म्हणजे जयपूरची स्वतःची अशी एक वेळ आहे, आणि ती सरकारी वेळेच्या मागून २७ मिनिटांनी निवांत चालत येते.

(जाता जाता तुला आवडेल असं सांगते. या जयसिंगाच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे ज्योतिषी होते, मूळ महाराष्ट्रातल्या घराण्यातले. राजाने सुचवलं म्हणून वेदविद्येतला हा पंडित अरबी-फारसी शिकला आणि युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली. 'रेखागणित' नावाने. मला आपलं दर वेळी वाटतं, त्यांच्या घरी पाहुणे येत नसतील का?)

घरी आल्यावर भांडी आवरताना माझ्या डोक्यातून ती २७ मिनिटं जाईनात. घड्याळात सहा वाजतात आणि जयपूरचे सहा अजून वाजायचे असतात. मधली ही मिनिटं कुणाच्या हिशेबात धरलेली? कुणाच्याच नाही. मग ती मी घेतली तर? चार वाजता नाही, दोन तास नाही. सहा ते सहा सत्तावीस. शाळेची बस सातला, दूध साडेसहाला.

पण खरी अवघड गोष्ट ती नव्हतीच. अवघड होतं ते रात्री जेवताना सगळ्यांसमोर सांगणं. घरात सात माणसं, त्यातली चार पाहुणी. माझ्या तोंडून शब्द फुटेना. एवढं काय त्यात? पण बघ, "उद्या सकाळी सहा ते सहा सत्तावीस मी गाणार आहे, तेवढ्यात मला हाक मारू नका," हे वाक्य म्हणताना मला पहिल्यांदा पॅडची पाकिटं आणायला दुकानात गेले होते तेव्हासारखं वाटलं. म्हणून टाकलं. क्षणभर शांतता. हे म्हणाले, "सत्तावीसच का? तीस कर ना." भाचा म्हणाला, "सावलीचे सत्तावीस!" पोरगं हुशार आहे. आत्या काहीच बोलली नाही.

डिसेंबरात इथे सहाला मिट्ट काळोख असतो आणि हाडं गोठवणारी थंडी. पेटी काढली तर भात्यातून धूळ आणि दोन पट्ट्या मुक्या. राहू दे म्हटलं. मोबाइलवर तानपुरा लावला, शालीत गुरफटून बसले आणि सा लावला. काय लागला म्हणतेस! घोगरा, हलणारा, कुणी लोखंडी कपाट सरकवावं तसा. पण सत्तावीस मिनिटं बसले. बाहेर आले तर आत्याने चहा केला होता, सगळ्यांनी घेतलाही होता, आणि माझा कप झाकून ठेवला होता. कुणाचं काही अडलं नव्हतं. तुला खरं सांगू? मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला तो नंतर. आधी पोटात बारीक कळ आली. इतकी वर्षं जे माझ्यावाचून अडतं म्हणून मी गाणं सोडलं होतं, ते सत्तावीस मिनिटं माझ्यावाचून छान चाललं होतं. या कळेबद्दल आपल्याला कुणी सांगून ठेवत नाही, म्हणून मी सांगते आहे. ती येईल. येऊ दे.

आपल्या आजीला हे सगळं आपल्यापेक्षा बरं कळत होतं. तिचे चातुर्मासाचे नेम आठवतात? आपण त्याला अंधश्रद्धा म्हणून हसायचो, पण आता बघितलं तर त्या नेमांची बांधणी काय चोख होती! एका वर्षी तिने जेवताना न बोलायचं धरलं होतं. आषाढी ते कार्तिकी. चारच महिने, चारच घास वेळ. कुठे, कधी, किती, सगळं ठरलेलं. पूजेच्या आधी गुरुजी संकल्प सांगतात तेव्हा काय करतात? कुठला देश, नदीचा कुठला तीर, कुठला संवत्सर, कुठली तिथी, तुझं नाव, गोत्र, सगळं उच्चारायला लावतात आणि मग तळहातावरून पाणी सोडतात. तुझ्या पाडव्याच्या संकल्पात 'रोज अर्धा तास' एवढेच शब्द होते. रोज म्हणजे कधी गं? कुठे बसून?

आणि आजीचं मौन घरात सगळ्यांना माहीत. ताटावर बसली की आजोबासुद्धा तिला काही विचारायचे नाहीत. मीठ हवं असलं तर ती बोटाने वाटी दाखवायची आणि आपण भांडायचो, कोण देणार म्हणून. एकदा तिच्या माहेराहून निरोप आला, ती पानावर होती, तोंडातून "कधी?" निघून गेलं. मला वाटलं, संपलं आता. ती तशीच उठली, चूळ भरली, दुसऱ्या दिवशी पुन्हा गप्प जेवायला बसली. आईने विचारलं तर म्हणाली, "खंड पडला. नेम कुठे मोडला?" कार्तिकीनंतर उद्यापन केलं आणि देवळात पितळी घंटा दिली. चार महिने गप्प राहिलेल्या बाईने घंटा द्यावी, यातली गंमत मला पन्नाशीकडे झुकल्यावर कळते आहे.

या उद्यापनावर मी अलीकडे फार विचार करते. आपले नेम मरेपर्यंतचे असतात, म्हणून ते पंधरवड्यात मरतात. शेवटच नाही तर पार कुठे पडायचं?

आता तुझी दुसरी तक्रार. 'तो' प्रकार मी काल ऐकला आणि गप्प बसले: ती कोण व्हिडिओतली बाई आहे, पहाटे पाचला उठते, गार पाण्याने आंघोळ करते, तीन पानं लिहिते, ध्यान करते, आणि तिचं बघून तू अर्धा तास धरलास. त्यावर तुला आमच्या कबाडीवाल्या चाचांची गोष्ट सांगायची आहे.

चाचा महिन्यातून एकदा रद्दी न्यायला येतात. चपला दाराबाहेर काढतात, आत येऊन उकिडवे बसतात आणि सुतळीने गठ्ठे बांधतात. चार वर्षं हे चाललं होतं. एकदा गठ्ठा ओढताना त्यांचा पायजमा वर सरकला तेव्हा मला दिसलं, की उजवा पाय घोट्यापासून वेगळ्याच रंगाचा आहे. बोटं आहेत, टाच आहे, पण नखं रंगवल्यासारखी आणि कातडीला सुरकुती नाही. त्यांनी माझी नजर पाहिली आणि हसून त्या पायावर टिचकी मारली. रबर. "जयपूर फुट है, बहनजी. रेल में गया था असली वाला." आणि पुन्हा उकिडवे बसून गाठ मारायला लागले.

चार वर्षं मला कळलं नाही, यातच त्या पायाचं सगळं आलं. १९६०च्या दशकात इथल्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हाडांचे डॉक्टर होते. बाहेरून येणारे पाय चांगले होते, पण बुटात घालायचे आणि खुर्चीत बसणाऱ्यांचे. आपल्या माणसाला मांडी घालायची असते, उकिडवं बसायचं असतं, चपला काढून देवळात जायचं असतं, शेतातल्या चिखलात उतरायचं असतं. लोक पाय घेऊन घरी जायचे आणि कोपऱ्यात उभा करून पुन्हा कुबड्या घ्यायचे. त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा हे कारागीर होते, फारसं शिक्षण नसलेले, सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. सांगतात, की एकदा सायकल पंक्चर झाली आणि टायरच्या दुकानात बसल्या बसल्या त्यांना रबराचं सुचलं. १९६८च्या सुमाराला या दोघांचा रबरी पाय तयार झाला: आत स्पंजी रबर आणि लाकूड, वरून कातडीच्या रंगाचं रबर, सगळं साच्यात भाजून एकजीव. घोट्यात वाकतो, अनवाणी चालतो, पाण्याने कुजत नाही. सेठींना त्यासाठी १९८१ साली मॅगसेसे मिळालं. त्या पायावर सुधा चंद्रन १९८४ साली मुंबईत पुन्हा भरतनाट्यम् नाचली. तीच गं, आपण नंतर जिच्या टिकल्यांसाठी मालिका बघायचो, ती रमोला सिकंद!

तर त्या बाईचं बघून धरलेला तुझा नेम हा तसा परदेशी पाय आहे. झकास आहे, पण तुला त्यात मांडी घालता येत नाही. म्हणून तो उशीखाली गेला. तुझ्या घरात जमिनीवर बसणारा, ओल्या मोरीत चालणारा नेम तुला घडवून घ्यायला लागेल, आणि तो कुणा बाईच्या व्हिडिओत मिळणार नाही.

या पायाच्याच गोष्टीत आणखी एक माणूस आहे. देवेंद्रराज मेहता, सरकारी अधिकारी, पुढे सेबीचे अध्यक्षही झाले. १९६९ साली पोखरणजवळ त्यांच्या गाडीला अपघात झाला, पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आली. वाचला. त्या आजारपणात त्यांनी मनाशी ठरवलं, की ज्यांचे पाय गेले आणि खिशात पैसे नाहीत, त्यांच्यासाठी काहीतरी करायचं. संस्था कधी निघाली? १९७५ साली. महावीरांच्या २५००व्या निर्वाण वर्षाच्या निमित्ताने, भगवान महावीर विकलांग सहायता समिती. आज तिथे हजारो लोकांना फुकट पाय बसवतात. पण मला आकड्यांपेक्षा मधली सहा वर्षं जास्त खुणावतात. १९७२ साली कुणी त्यांना विचारलं असतं, काय हो, तुमच्या त्या संकल्पाचं काय झालं, तर ते काय म्हणाले असते?

अशी रिकामी वर्षं मी आता हुडकायला लागले आहे, जिथे तिथे. आपल्या घराण्याच्याच गोष्टीत बघ. अल्लादिया खाँसाहेब १८५५ साली उणियाऱ्याला जन्मले, तेव्हाच्या जयपूर संस्थानात. ऐन उमेदीत अतोनात गायल्याने त्यांचा आवाज बसला, आणि खूप काळाने परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. गोडवा, चपळाई गेलेली. खाँसाहेबांनी त्या आवाजाला पेलेल अशी गायकी घडवली, आणि आज आपण जिला जयपूर घराण्याची म्हणतो, ती तीच. १८९५ साली कोल्हापूरला शाहू महाराजांकडे आले ते हीच घेऊन. गेलेल्या आवाजाची वाट बघत बसले असते तर?

आणि मोगूबाई. मोगूबाई कुर्डीकर, किशोरीताईंच्या आई. जन्म १९०४, गोव्यातलं कुर्डी गाव. ते गावही आता साळावलीच्या धरणाखाली गेलंय आणि दर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं. दहा वर्षांची असताना आई गेली. मुलीने मोठी गायिका व्हावं हा त्या आईचा ध्यास होता, तो या पोरीने उचलला. १९१९ साली ती सांगलीत औषधपाण्यासाठी आलेली, तिथे तिचा रियाज रस्त्याने जाणाऱ्या अल्लादिया खाँसाहेबांच्या कानी पडला आणि ते शिकवायला लागले. केवढं नशीब! पण दीडेक वर्षात ते मुंबईला गेले. ही मागोमाग गेली. तिथे खाँसाहेबांच्या दुसऱ्या शिष्यांना ते खपेना, शिकवणी थांबली. आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे बसली, मग खाँसाहेबांचे धाकटे बंधू हैदर खाँ यांच्याकडे, तेही थांबलं. मध्ये लग्न, किशोरीचा जन्म. शिष्य म्हणून खाँसाहेबांचा गंडा बांधला तो १९३४ साली. सांगलीपासून मोजलंस तर पंधरा वर्षं. त्या पंधरा वर्षांत कितीतरी रात्री तिलाही वाटलं असेल, की आईपाशी आणि स्वतःपाशी आपण खोटं पडलो. आपल्याला आज दिसतं ते पद्मभूषण. तिला तेव्हा दिसत असणार मुंबईतली खोली, रांगणारं मूल आणि कोपऱ्यातला तानपुरा.

मोगूबाईंशी आपली बरोबरी नाही, माहीत आहे मला. माझा सा अजूनही कपाट सरकवल्यासारखाच लागतो कधी कधी. तीन वर्षांत माझेही खंड पडले. सासऱ्यांच्या आजारपणात सलग अडीच महिने एक दिवस बसले नाही. पण तेव्हा एक फरक होता. घरातल्यांना ठाऊक होतं. सासरे गेल्यावर तेराव्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी, पहाटे सहाला, सासूबाई स्वतः माझ्या खोलीच्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "आज ते तुंई-तुंई लावलं नाहीस?" तानपुऱ्याला त्या तुंई-तुंई म्हणतात. मी लावलं. त्या दारातच बसल्या, भिंतीला टेकून. मी काही गायलेच नाही त्या दिवशी, नुसता तानपुरा वाजत राहिला.

तर आता तुझं. पाडव्याच्या वहीतली उरलेली पानं कात्रीने काप आणि किराण्याच्या याद्यांना वापर. ती वही तुला लाजवते, तिला घरात ठेवू नकोस. भरलेली अकरा पानं मात्र पाकिटात घालून मला पाठव, मी वाचणार नाही, सांभाळीन. नवी वही साठ पानीच आण, दोनशे पानी नको. आषाढी जवळ आलीच आहे. आषाढीपासून नागपंचमीपर्यंत धर, चोवीसेक दिवस होतात. त्यापुढचं कुणाला काही कबूल करू नकोस, मलाही नाही. दादरचा हिशेब मी काढला आहे: तुमचा सूर्य घड्याळाच्या सरासरी ३९ मिनिटं मागे. बघ, तुला माझ्यापेक्षा बारा मिनिटं जास्त मिळतात! १९०६ साली सगळ्या देशाला एकच वेळ लावली तेव्हा मुंबईकर कितीतरी वर्षं आपली ३९ मिनिटं सोडायला तयार नव्हते, आणि तू त्यांची वंशज. वेळ तुझी तू ठरव. सकाळचीच हवी असं काही नाही. मुलगा कराट्याला जातो तेव्हाची घे, क्लासबाहेरच्या पायरीवर बसून लिही. अर्धं पान झालं तरी झालं.

आणि रविवारी जेवताना सांग, सगळ्यांसमोर. आवाज कापेल. हसतीलही, तुझा नवरा तर नक्की. हसू दे. सासूबाईंना वेगळं घेऊन सांगू नकोस, ते परवानगी मागितल्यासारखं होतं. वाढता वाढता सांग, आमटी वाढताना, म्हणजे तुझी नजर वाटीत राहील.

नागपंचमीच्या दोन दिवस आधी आमच्याकडे तीज असते. गावभर घेवराचे थर लागतात, पांढरे, केशरी, मलईचे. तुझ्या उद्यापनाचा घेवर माझ्याकडे लागला. बिनमलईचा पाठवते, तो प्रवासात टिकतो. चोवीसातले सोळा दिवस झाले तरी पाठवीन. नऊ झाले तरी अर्धा पाठवीन.

चल, कूलरमध्ये पाणी घालायचंय, बाहेर ४४ अंश आहे आणि हे चिठ्ठी लिहिणं सत्तावीस मिनिटांच्या कधीच पलीकडे गेलं. रविवारी काय झालं ते मला सोमवारी सकाळी सांग. फक्त सहाला फोन करू नकोस. सहा सत्तावीसनंतर कर.